नादारीच्या अर्जाआधी

“देणं एकूण किती आहे?” खिद्रापुरे वकिलांनी विचारलं.

“पाच... साडेपाच लाख असेल.”

“पाच का साडेपाच?”

मी पिशवीतून पतसंस्थेच्या नोटिसा, कापडाची बिलं, कसल्या कसल्या चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवायला लागले. त्यांनी हातानंच थांबवलं. “ते राहू दे. मला आकडा सांगा.”

मला आकडा माहीत नव्हता. सात-आठ महिने ते देणं माझ्या डोक्यातून एक क्षण गेलेलं नव्हतं, पण बेरीज अशी मी कधी केलीच नव्हती. करायला भ्यायचे.

२००९चा जानेवारी महिना. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. जयसिंगपुरात एका भाड्याच्या शेडमध्ये माझा शाळांचे गणवेश शिवायचा धंदा होता. चौदा मशिनी, अकरा बायका. दहा वर्षं बरं चाललं. मग एका मोठ्या शिक्षण संस्थेच्या अकरा शाळांची ऑर्डर एकदम मिळाली आणि मी हुरळले. पतसंस्थेचं कर्ज वाढवून घेतलं, इचलकरंजीच्या बोहरा शेठकडून कापड उधारीवर उचललं. निम्मा माल संस्थेनं घेतला, त्याचा चेक परत आला. तेवढ्यात संस्थेत दोन गट पडले, नवी कमिटी आली, आणि नव्या कमिटीनं गणवेशाचा रंगच बदलला. बॉटलग्रीन कपड्यांचे गठ्ठे माझ्या शेडमध्ये पत्र्यापर्यंत लागले.

हप्ते थकले. पतसंस्थेचा वसुलीचा माणूस शेडच्या दारात मोटरसायकल आडवी लावून बसायला लागला. बायका त्याच्या बाजूनं अंग चोरून आत यायच्या. तेव्हा कुणीतरी मला सांगितलं, कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज द्यायचा. कोर्टानं एकदा नादार ठरवलं की मग कुणी दारात येत नाही. ‘दारात येत नाही’ एवढंच मी ऐकलं आणि वकिलांचा पत्ता शोधत आले.

खिद्रापुरे वकील साठीच्या पुढचे. बोलायची घाई नाही. समोर कोरा कागद घेऊन ते एकेक विचारत होते आणि बारीक अक्षरात लिहीत होते.

“घरी सांगितलंय?”

“ह्यांना थोडं माहीत आहे.”

“थोडं म्हणजे?”

“पतसंस्थेचं माहीत आहे. बाकीचं नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. “घर कुणाच्या नावावर?”

“ह्यांच्या.”

“दागिने?”

“मंगळसूत्र आहे. चार पाटल्या...” मी अडखळले.

“पाटल्या कुठं आहेत?”

“बहिणीकडं. मिरजेला.”

“कधी ठेवल्या?”

“पंधरा दिवस झाले.”

“उद्या परत आणा,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “कोर्ट सगळ्यात आधी हेच बघतं. अर्ज द्यायच्या आधी माणसानं काय कुणाकडं सरकवलं, कुणाच्या नावावर केलं, कुणा एकाला गुपचूप पैसे देऊन टाकले का. मागची दोन-दोन वर्षं उकरतात. एक लपवलेलं सापडलं की मग तुमचं खरंसुद्धा कुणी ऐकत नाही.”

चार मशिनी भावाच्या नावावर करायचंही माझ्या मनात होतं. ते मी गिळून टाकलं.

“येणं किती?”

“कसलं येणं?”

“त्या संस्थेकडून. माल घेतलाय ना त्यांनी?”

“ते बुडाले हो.”

“कुणी सांगितलं? चेकच्या फौजदारीची मुदत गेली असेल. दिवाणी दावा अजून लावता येतो. माल पोचल्याची सही-शिक्क्याची चलनं आहेत?”

“आहेत सगळी.”

“मग बुडाले कसे?” असं म्हणून त्यांनी कागदाच्या दुसऱ्या बाजूला पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. मग वर बघितलं. “आणि नादार ठरल्यावर खाणार काय?”

“शिवणार. दुसरं काय येतं मला?”

“मशिनी कोर्टाच्या ताब्यात जाणार. पोटापुरतं एखादं अवजार सोडतात, चौदा नाहीत सोडत. आणि कापड? उधार मागायच्या आधी तुम्हाला सांगावं लागेल, मी नादार आहे म्हणून. कोण देईल?”

हे सगळं मी कशाला विचारात घेतलं होतं! मला फक्त ती मोटरसायकल दारातून हलायला हवी होती.

“जामीनदार कोण?”

“दोघं होते. एक वारले. दुसऱ्या आमच्या नणंद, आक्का. पण त्यांचं काही नाही हो ह्यात. नुसती सही आहे.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं.

“काय करतात?”

“कन्या शाळेत शिपाई होत्या. मागच्या वर्षी रिटायर झाल्या.”

“रिटायरचे पैसे?”

“ठेव ठेवलीय. एक लाख ऐंशी हजार. त्याच पतसंस्...” माझं बोलणं तिथंच तुटलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “कोर्ट तुम्हाला मोकळं करेल, जामीनदाराला करणार नाही. तुमचा अर्ज लागला की पतसंस्था त्यांच्याकडं वळणार. फार लांब जायलाही नको, पैसे त्यांच्याच कपाटात आहेत. आक्कांना ठाऊक आहे हे?”

“नाही.”

“मग आधी त्यांना सांगून या. अर्ज टाइप करायला मला अर्धा तास लागतो.”

मी पर्स उघडून फी विचारली. ते म्हणाले, “सांगून या. फीचं मग बघू.”

हे सूतगिरणीत पहिल्या पाळीला होते, चारला घरी आले. मी पुढच्या खोलीत जमिनीवर सगळे कागद मांडून बसले होते. चपला काढता काढताच ते थबकले. मग काही न विचारता भिंतीला टेकून बसले आणि मी एकेक वाचून दाखवत गेले. पतसंस्था, बोहरा शेठ, शेडचं भाडं, दोघांकडून घेतलेले हातउसने. बेरीज सहा लाख ब्याऐंशी हजारांवर गेली.

ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला. “बायकांचा पगार?”

तो मी धरलाच नव्हता. अकरा जणींचा दीड महिन्याचा पगार, एक्केचाळीस हजार. रोज ज्यांची तोंडं बघत होते त्यांचंच देणं मी विसरले होते. ह्यांनी स्वतःच्या हातानं तो आकडा खाली लिहिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“आक्कांना सांगायचंय,” मी म्हटलं. “तुम्ही येता?”

“नाही. तू जा.”

“तुमची बहीण आहे.”

“म्हणूनच,” ते म्हणाले आणि उठून मोरीकडं हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी अकराव्या गल्लीत आक्कांच्या खोलीवर गेले. दहा बाय बाराची भाड्याची खोली. एक कॉट, स्टोव्ह, ओळीनं लावलेले डबे. दिवस मावळायच्या आत जेवायचा आम्हा जैनांचा नेम त्यांनी कधी मोडला नाही, त्यामुळं ताट वाढून घेऊन बसतच होत्या.

“ये. जेवतीस?”

“नको. आक्का, एक सांगायचं होतं.”

“सांग की. मी जेवते, तू सांग.”

मी सगळं सांगितलं. वकिलांनी विचारलेलं, जामिनाचं, ठेवीचं. भाकरी मोडणारा त्यांचा हात थांबला नाही, भरभर पण चालला नाही. मुगाची आमटी पिऊन त्यांनी ताटात हात धुतला, ताट उचलून मोरीत ठेवलं. मग कॉटवरची गादी वर करून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढं टाकलं.

पतसंस्थेचीच नोटीस. जामीनदार म्हणून त्यांच्या नावची. तारीख नोव्हेंबरातली.

“दोन महिने झाले, आक्का! बोलला का नाहीत?”

“मी का बोलू? कर्ज कुणाचं?”

मी नोटिशीवरचं त्यांचं नाव पुन्हा वाचलं.

“रोज वाटायचं, आज येईल. शाळेतल्या बायांना विचारलं, म्हणाल्या, येईल की, घरचंच माणूस आहे. मग त्या शनिवारी बस्तीत देवाला आलेलीस. मला बघितलंस आणि मागच्या दारानं गेलीस.” त्यांनी पाकीट परत उचललं. “तू येतीस का नाही, एवढंच बघत होते मी.”

“आले ना आता.”

“वकिलानं पाठवल्यावर.”

त्या चिडल्या की आवाज बारीक व्हायचा. तो आता इतका बारीक झाला होता की स्टोव्हवरच्या दुधाचा आवाज मला मोठा वाटत होता. “बुडायचं काय घेऊन बसलीस, धंद्यात माणसं बुडतात. पण मला वकिलाच्या मागनं सांगालीस. मी चौदाव्या गल्लीत एक खोली बघून ठेवली होती, माहीत आहे तुला? विकत. संक्रांत झाली की इसार द्यायचा होता. नोटीस आली, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, बाबा, दुसरं गिऱ्हाईक बघ. कारण विचारलं त्यानं. काय सांगू? माझ्या भावजयीनं मला अजून सांगितलेलं नाही म्हणून?”

मी रडायला लागले. आक्कांनी रडू दिलं. समजूत घालायला उठल्या नाहीत.

आक्का भाड्याच्या खोलीत का राहायच्या, ते मला सांगायला पाहिजे. वकिलांनी घर कुणाचं विचारलं, मी ‘ह्यांचं’ म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते सासऱ्यांचं घर. आक्कांना कागवाडला दिलेलं, दीड वर्षात त्या परत आल्या त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्याच सगळं बघायच्या. चूल त्यांची, किल्ल्या त्यांच्या. माझं वय वीस. रोज कशावरून तरी ठिणगी पडायची. सासरे गेल्यावर वर्षभरात मी ह्यांना एक दिवस म्हटलं, ह्या घरात एक तर त्या राहतील नाहीतर मी. दार उघडं होतं. आक्का अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

आठ दिवसांत त्यांनी ही खोली भाड्यानं घेतली. तेव्हा ह्यांनी घरावर स्लॅब टाकायला कर्ज काढायचं ठरवलं होतं, तर त्यासाठी हक्कसोडपत्रावर सहीपण करून गेल्या. एक रुपया न घेता बापाच्या घरातला वाटा सोडला. सतरा-अठरा वर्षांनी मला कर्जाला पगारदार जामीनदार पाहिजे होता. हे आधीच दुसऱ्या कुणाला जामीन होते. मग मी ह्याच खोलीत आले, आणि आक्कांनी चष्मा लावून जिथं खूण केली होती तिथं सही केली.

माझ्यावर कुणी एवढा उपकार केला तर मी रोज त्याच्या दारात जाईन. निदान असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी तो दरवाजा चुकवायला दहावी गल्ली धरून बाजारात जात होते.

माझं रडणं आपोआप थांबलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. आक्कांनी दिवा लावला.

“उद्या किती वाजता जायचं वकिलाकडं?”

“तुम्ही कशाला आक्का?”

“माझ्या ठेवीचं मी नको विचारायला?”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही दोघी वकिलांसमोर बसलो. आक्कांनी पदर खांद्यावरून नीट घेतला आणि शाळेत बाईंपुढं उभं राहून बोलावं तसं बोलायला लागल्या.

“हिनं अर्ज दिला तर माझी ठेव जाणार. बरोबर?”

“बरोबर.”

“नाही दिला तर?”

“हप्ते थकलेत. तरी जाऊ शकते.”

“म्हणजे दोन्हीकडनं जाणार. मग फरक काय?”

वकील पुढं सरकून बसले. “अर्ज दिला तर तुमचे पैसे जातील, आणि ते वहिनींकडून मागायचा तुमचा हक्क बाकीच्या देण्यांच्या रांगेत जाऊन बसेल. रांगेतल्या प्रत्येकाला मिळून किती येणार, तर मशिनी विकून जे येईल तेवढंच. राहिलेलं कोर्ट पुसून टाकणार. मग कायद्यानं वहिनी तुमचं काही देणं लागणार नाहीत.”

“आणि पतसंस्थेला?”

“तुमच्या ठेवीतनं जे भागणार नाही त्यासाठी त्यांनाही त्याच रांगेत थांबावं लागेल. वर्षानुवर्षं.”

“मग हे त्यांना कळत नसेल व्हय?”

खिद्रापुरे वकील पहिल्यांदा हसले. “चांगलं कळतं. म्हणून अर्ज द्यायच्या आधी गेलं तर ते ऐकून घेतात. एकदा दिला की सगळं कोर्टाच्या हातात. मग त्यांनाही काही सोडता येत नाही.” मग माझ्याकडं वळले. “वहिनी, आज आकडा माहीत आहे?”

“सात लाख तेवीस हजार.”

“येणं?”

“एक लाख नव्वद. चलनं आणलीत. आणि पाटल्या ह्यांनी सकाळी मिरजेहून आणल्या.”

“तुमचं काय म्हणणं? लावायचा अर्ज?”

आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. मला मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलंच असावं.

“नको,” मी म्हटलं. “कोर्टानं पुसलं तरी आक्कांचं देणं मला पुसायचं नाही.”

“पुसायचं नाही हे ठीक आहे. फेडायला जमणार आहे का?” वकिलांचा आवाज मऊ होता, पण सूट नव्हती त्यात. “तीन महिने बघा. सगळ्यांकडं स्वतः जा, कागद घेऊन जा. नाही जमलं तर या, मी अर्ज करतो. त्यात लाज धरू नका. काही माणसांना खरंच तेवढाच रस्ता असतो आणि कायदा त्यांच्यासाठीच केलाय.”

सगळ्यात जास्त भीती बोहरा शेठची होती, म्हणून आधी तिथंच गेलो. हे बरोबर आले. शेठ कागद बघून म्हणाले, “सहा महिन्यांपूर्वी हाच कागद आणला असतास तर मी रात्री नीट झोपलो असतो.” मग न कापलेले तागे त्यांनी खरेदीच्या भावानं परत घेतले आणि उरलेल्याला दीड वर्षाची मुदत दिली. पाटल्या विकून बायकांचा पगार केला. सात जणी थांबल्या, चौघी गेल्या. एक जाताना शेडच्या दाराला हात लावून नमस्कार करून गेली, ते मला फार लागलं. पतसंस्थेनं दंडव्याज सोडायचं कबूल केलं, पण एकरकमी पैसे भरले तरच. नऊ मशिनी विकल्या. तरी कमी पडले. किती कमी पडले ते सांगायला मी आक्कांकडं गेले, तर खोलीला कुलूप; त्या पतसंस्थेतच होत्या. ठेवीच्या पावतीवर सही करून, पावती खिडकीतून आत सरकवून, बाकड्यावर माझी वाट बघत बसल्या होत्या.

“लिहून घे,” म्हणाल्या. “एक लाख ऐंशी. तुझ्या अक्षरात. व्याज नको, पण तारीख घाल.”

ते फेडायला मला सहा वर्षं लागली. संस्थेवरचा दावा चार वर्षांनी निकाली निघाला, निम्मे पैसे आले, ते तसेच नेऊन दिले. बाकीचे महिन्याला हजार, कधी दीड हजार. तोवर चौदाव्या गल्लीतली ती खोली तिप्पट किमतीला गेली होती.

शेड मी पहिल्या महिन्यातच सोडली होती. उरलेल्या पाच मशिनी आमच्या घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत मांडल्या. त्याच वर्षी दिवाळीत हे एक दिवस घराचा उतारा घेऊन आले आणि मला म्हणाले, “ही पुढची खोली आक्काच्या नावावर करायची आहे. तुझं काही म्हणणं आहे?” वीस वर्षांपूर्वी मी माझं म्हणणं उघड्या दारात सांगितलं होतं. आता म्हटलं, “मी करायला सांगणार होते.” ते खरं होतं की तेव्हा तोंडात आलं, मला आजही सांगता येत नाही.

शिरोळला रजिस्टर ऑफिसात बक्षीसपत्र झालं. येताना एसटीत मी आक्कांशेजारी बसले होते. धीर करून म्हटलं, “आता राहायला या आक्का. मशिनी मी मागं हलवते.”

“नको.”

“अजून राग आहे?”

“आहे थोडा,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्यासाठी नव्हे. मला एकटीची सवय झालीय. माझ्या वेळेला जेवते, माझ्या वेळेला झोपते. पुन्हा कुणाच्या चुलीपाशी जाऊन बसायचं नाही मला.” थोडं अंतर गेल्यावर म्हणाल्या, “खोली माझी, मशिनी तुझ्या. भाडं दे. बाजारात चालतंय तेवढं.”

मला वाटलं चेष्टा करतायत. एक तारखेला संध्याकाळी त्या दारात उभ्या.

तेव्हापासून मी भाडं देते. त्यातून त्या अकराव्या गल्लीतल्या आपल्या खोलीचं भाडं भरतात आणि वर चार पैसे उरतात. पावतीपुस्तक त्यांनी स्वतः आणलंय. दर पाडव्याला भाडं वाढतं. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, मशिनी पुन्हा अकरा झाल्यात, आणि सगळ्या त्या एका खोलीत मावत नाहीत म्हणून चार मागच्या पडवीत आहेत.

यंदा पाडव्याला त्यांनी एकदम पाचशे वाढवले. मी म्हटलं, “आक्का, पाचशे जास्त होतात हो.”

आक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“मग खोली खाली कर,” म्हणाल्या.